झोपेतलं पहिलं बक्षीस

संपादकांचा फोन आला, "मंदाताई, दिवाळी अंकासाठी तुमच्या रंगप्रवासाचा आलेख लिहून द्या." मी म्हटलं, आलेख कशाला? माझा रंगप्रवास म्हणजे चाकण ते भोसरी, भोसरी ते चिंचवड, तोही सहा आसनी रिक्षात नववी सवारी म्हणून. त्यांना विनोद कळला नाही. "तेच लिहा," म्हणाले. म्हणून लिहिते आहे.

या उन्हाळ्यात मला जीवनगौरव पुरस्कार मिळाला, त्यामुळे ही मागणी आली हे मला ठाऊक आहे. बॅनरवर माझा जुना फोटो होता आणि खाली 'अष्टपैलू अभिनेत्री मंदा साळवे'. आमचे हे, म्हणजे विलास साळवे, भोसरीला लेथ मशीनवर जन्म काढलेला माणूस, बॅनरखाली उभे राहून म्हणाले, "आठ पैलू कुठले गं? मला तर एकच माहीत आहे, तू ऐकत नाहीस."

आठ पैलू कसे पडतात ते सांगते. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची नाटकं होतात. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत प्रत्येक कंपनीचा संघ उतरतो. वेल्डर हिरो, स्टोअरकीपर खलनायक, कँटीनमधला आचारी विनोदी नोकर. पुरुष ढिगाने मिळतात, अडतं ते बाईपाशी. वेल्डशॉपमध्ये बायका नसतात आणि जिथे असतात तिथे त्यांना घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या असतात. म्हणून स्त्री कलाकार बाहेरून आणायची मुभा असते. ती बाहेरची बाई म्हणजे मी. सांगवीत राहणारी, चाकणला कंपनीत जाणारी, घरचे अडवत नाहीत आणि पाठांतर बरं आहे, एवढ्या माझ्या पात्रता. एकेका मोसमात तीन-तीन संघांची बाई मीच असायची. सोमवारी राणी, बुधवारी मोलकरीण, शुक्रवारी वेडी. दुसरी बाई मिळत नाही म्हटल्यावर माणूस अष्टपैलू होणार नाही तर काय होणार?

एका नाटकात सासूही हवी होती आणि सूनही. बाई एकच, मी. दिग्दर्शकाने डोकं खाजवलं आणि लेखकाला सांगून सासू-सुनेचा अबोला करून टाकला. सासू आली की सून आत, सून आली की सासू देवळात. विंगेत मी लुगडं फेडत आणि पातळ गुंडाळत नुसती धावत होते. एकदा सुनेच्या अंगावर सासूची चोळी राहिली. तर दुसऱ्या दिवशी पेपरच्या स्थानिक पानावर आमच्या समीक्षकांनी लिहिलं, "सासू आणि सून एकदाही समोरासमोर येत नाहीत, यातून लेखकाने आजच्या कुटुंबातला दुभंग सूचकपणे दाखवला आहे. सुनेने सासूची चोळी घालण्याचा प्रसंग अर्थगर्भ." लेखक ते कात्रण खिशात घालून महिनाभर हिंडत होता. माझ्याबद्दल खाली होतं, "मंदा साळवे यांनी योग्य साथ दिली."

हे वाक्य नीट पाहून ठेवा. नाटकाचं परीक्षण लिहिण्याची एक ठरलेली रीत असते. आधी कथानक, मग हिरोचं कौतुक, मग नेपथ्य सूचक, संगीत प्रसंगानुरूप, आणि शेवटी जागा उरली तर उरलेल्यांनी 'योग्य साथ दिली'. मी राणी झाले तरी योग्य साथ, वेडी झाले तरी योग्य साथ. एका नाटकात मी नवऱ्याचा खून केला. "मंदा साळवे यांनी योग्य साथ दिली." यांनी तो पेपर दोनदा वाचला आणि म्हणाले, "मी जरा सांभाळून राहतो."

बक्षिसांचंही तेच. पहिलं, दुसरं आणि मग उत्तेजनार्थ. मला कायम उत्तेजनार्थ. इतकं उत्तेजन मिळूनही मी कुठे कशी पोचले नाही, याचं नवल वाटतं.

माझी आई कुरुळीची. आधी लोकांच्या रानात खुरपायला जायची, मग रानांच्या कंपन्या झाल्या तशी ती कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला जायला लागली. जयंतीच्या कार्यक्रमात मला पहिल्यांदा स्टेजवर तिनेच ढकललं. पण मी एकदा दारुडी झाले आणि तिने गावातून फोन केला, "मंदे, लोकं इचारत्यात, तुजी पोर खरंच पिती का? म्या काय सांगू?"

"सांग, नाटक होतं."

"सांगितलं. तर पाटलाची म्हातारी म्हनती, न्हाई, इतकं चांगलं नाटकात जमत न्हाई."

आयुष्यातली सगळ्यात खरी समीक्षा ती. पण पाटलाची म्हातारी पेपरात लिहीत नव्हती.

आता मुख्य गोष्ट. चाकणच्या ज्या कंपनीत मी होते तिथे गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनायचे. गाडीत दिव्यापासून हॉर्नपर्यंत वीज नेणाऱ्या वायरींची जी मोठी जुडी असते, ती. भल्यामोठ्या बोर्डावर खिळ्यांच्या वाटेने वायरी अंथरायच्या, टोकांना कनेक्टर लावायचे, टेप गुंडाळायची. सगळं उभ्याने. लाइनवर आम्ही बायका, आणि बहुतेक जणी टेंपररी. टेंपररी म्हणजे काय, ते या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही कळतं, बाहेरच्यांसाठी सांगते. कायम करावं लागू नये म्हणून वर्ष पुरं भरायच्या आत तुम्हाला 'ब्रेक' देतात. घरी बसायचं, मग बोलावलं तर पुन्हा पहिल्यापासून. असे किती ब्रेक झाले ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. पर्मनंट झालेल्या बाईची चालही वेगळी असायची. मला स्टेजवर राणीची चाल जमायची ती तिच्याकडे बघून.

आमच्या कंपनीत पर्सनल खात्याला जोगळेकरसाहेब होते. नाटकवेडा माणूस. स्वतः लिहायचे, स्वतः बसवायचे आणि हिरोही स्वतःच व्हायचे. त्या वर्षी त्यांनी एक गंभीर नाटक लिहिलं. घर सोडून निघालेली शिकलेली बाई, म्हणजे मी, आणि तिला थांबवणारा नवरा, म्हणजे ते. माझ्या वाट्याला लांबलचक स्वगतं होती. तालमीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मंदाबाई, या वर्षी मला सांघिक बक्षीस हवंय आणि अभिनयाचंही हवंय. तुम्ही स्त्री अभिनयाचं पहिलं आणा. पुढचा ब्रेक मी होऊ देत नाही. पर्मनंट."

"साहेब, खरंच?"

"मी शब्द दिला."

मला तिथेच रडू फुटलं. त्यांना वाटलं भूमिकेचा अभ्यास चाललाय. म्हणाले, "हेच, हेच दुसऱ्या अंकात हवंय."

घरी आल्यावर मी यांना सांगितलं. त्यांनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच माझ्या हातातली नाटकाची वही घेऊन समोर बसले. "म्हण. मी नवरा होतो." स्वगतात नवऱ्याला बोलायचं काहीच नसतं, तरी बसून राहिले. त्यांच्या लेथचं काम तेव्हा कमी झालं होतं. एक पर्मनंट पगार घरात आला तर काय होईल, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो, पण भाजीला फोडणी देतानासुद्धा ते डोक्यात असायचं.

घोळ इतकाच होता की त्याच मोसमात मी शिवाजी काळ्यांच्या नाटकालाही शब्द दिला होता. काळे पिंपरीतल्या एका जुन्या कंपनीत वेल्डर होते, त्यांच्या संघाचे दिग्दर्शक आणि माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या नाटकात कंपनीसाठी गेलेल्या जमिनीवरून भांडणारे दोन भाऊ आणि मरणाला टेकलेली आई. आई मी. सबंध दुसरा अंक खाटेवर पडून राहायचं आणि शेवटी थोरल्याने "आई, सांग, कुणाला?" असं विचारलं की डोळे उघडून "माती कुणाची नसते" एवढं म्हणायचं आणि मरायचं.

"ताई, तुम्ही टेन्शनच घेऊ नका राव," काळे म्हणाले. "पडून तर राहायचंय. आराम होईल तुम्हाला."

काळ्यांचा प्रयोग आधी आणि साहेबांचा दुसऱ्या दिवशी, असं वेळापत्रक आलं. साहेबांना मी सांगितलं, "त्या दिवशी पहिली पाळी करून मी लवकर सुटेन, काळ्यांच्या प्रयोगाला जायचंय." साहेब हसून "जा जा" म्हणाले.

त्या दिवशी पहिली पाळी संपत आली आणि सुपरवायझर आला. "साळवेबाई, डिस्पॅच अडकलंय. ओव्हरटाइमला थांबा. वरून सांगितलंय." मी हातापाया पडले. पण टेंपररी बाईने नाही म्हणायचं नसतं. पुन्हा बोर्डापुढे उभी राहिले. टेप गुंडाळता गुंडाळता स्वगतं पुटपुटत होते, काळ्यांचं वाक्य घोकत होते आणि कान सगळा बाहेर, बसच्या हॉर्नकडे. पहिल्या पाळीची बस गेली. ओव्हरटाइमवाल्यांची बस येणार होती, ती यायची काही लक्षणं दिसेनात. मी दर थोड्या वेळाने शेजारणीला विचारत होते, "बस आली का गं?" शेवटी बस आलीच नाही. आम्ही रस्त्यावर येऊन सहा आसनी पकडली, भोसरीला दुसरी पकडली. चिंचवडच्या नाट्यगृहात पोचले तेव्हा काळे पायरीवर उभे राहून घाम पुसत होते.

"ताई, अहो काय हे, तिसरी घंटा द्यायची वेळ झाली!"

तोंडाला म्हातारीचा रंग फासला, केसात पावडर ओतली. पहिला अंक कसाबसा ओढला. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला तेव्हा मी खाटेवर आडवी होते. अंगावर गोधडी होती. ती काळ्यांच्या आईने शिवलेली खरी गोधडी होती, मऊ झालेली. पहाटेपासून मी उभी होते. दिवा मंद निळा होता. भाऊ भांडायला लागले. त्यांची भांडणं मला पाठ होती, त्यामुळे ऐकायची गरज नव्हती.

वाचकहो, मी झोपले. अभिनय नव्हे. घोरणं येत नाही हे माझं नशीब.

पुढचं मला काळ्यांनी सांगितलं म्हणून माहीत आहे. नाटकात थोरला भाऊ तेच होते. गुडघे टेकून ते म्हणाले, "आई, सांग, कुणाला?" आई गप्प. पुन्हा म्हणाले. आई गप्प. काळ्यांनी गोधडीखालून माझ्या पायाच्या अंगठ्याला कडकडून चिमटा घेतला. मी डोळे उघडले, समोर निळा उजेड, कुठे आहे ते कळेना, आणि पुटपुटले,

"बस आली का?"

मग कूस बदलली आणि परत झोपले.

काळे पुरते गारठले. पण गडी अनुभवी. त्यांनी माझ्या छातीवर डोकं टेकवून हंबरडा फोडला आणि पडदा पाडायला हात हलवला. पडल्या पडद्यामागे त्यांनी मला गदागदा हलवलं. "ताई, ताई, मेलात का खरंच?" बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या. मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी नाटकाला आहेत.

आता त्या प्रयोगाच्या परीक्षणातलं लिहिते. समीक्षकांनी पहिल्यांदाच माझ्यापासून सुरुवात केली होती. "जिच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला, ती म्हातारी मरताना देवाचं नाव घेत नाही, लेकरांचं घेत नाही. ती विचारते, बस आली का? ही कंपनीची बस आहे आणि यमाचीही. मंदा साळवे यांनी मृत्यूआधीची शांतता श्वासाच्या लयीतून उभी केली. दीर्घ विरामाची एवढी जाण आपल्याकडे दुर्मीळ आहे." काळ्यांच्या लेखकाने ते वाक्य संहितेत घालून टाकलं आणि आपल्याला ते फार आधी सुचलं होतं असं सांगत हिंडू लागला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या नाटकात मी टक्क जागी होते. इतकी जागी मी आयुष्यात कधी नव्हते. प्रत्येक वाक्यामागे मला 'पर्मनंट' ऐकू येत होतं. "मी हे घर सोडून निघाले आहे" म्हणताना मनात पर्मनंट. "मला माझी ओळख हवी" म्हणताना पर्मनंट. स्वगतात मी अशी काही किंचाळले की पहिल्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली. घर मी सोडायचं होतं, सोडलं तिने. परीक्षणात साहेबांबद्दल बरंच होतं. शेवटी, ज्या नाटकात हिरोपेक्षा माझीच वाक्यं जास्त होती त्यात, "मंदा साळवे यांनी योग्य साथ दिली."

तरी आशा सुटत नाही. बक्षीस समारंभाला हे लेथची पाळी टाकून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आई कुरुळीहून आली होती. साहेब पहिल्या रांगेत. निवेदकाने सुरुवात केली. उत्तेजनार्थ दुसरीच कुणीतरी. म्हणजे माझी हक्काची जागा गेली. दुसरं, तेही दुसरीला. मग तो म्हणाला, "स्त्री अभिनय, प्रथम पारितोषिक, रौप्यपदक, मंदा साळवे!"

मी उठले नाही, उडाले. यांनी शिट्टी मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच. आई ओरडली, "व्हय, माजीच पोर हाय ती!" मी खुर्च्यांना अडखळत, साहेबांकडे बघत, हात जोडत स्टेजच्या पायऱ्या चढले. पर्मनंट, पर्मनंट, पर्मनंट. पाहुण्यांनी पदक गळ्यात घातलं. आणि मग निवेदकाने कागद उलटवून राहिलेलं वाक्य पुरं केलं. नाव घेतलं ते काळ्यांच्या नाटकाचं. कंपनीही काळ्यांचीच.

स्टेजवरून मला सगळं दिसत होतं. काळ्यांचा सगळा वेल्डशॉप उभा राहून नाचत होता. साहेब हाताची घडी घालून बसले होते. त्या क्षणी चेहऱ्यावर आनंद ठेवणं हा माझ्या कारकिर्दीतला एकमेव खरा अभिनय. त्याला कुणी बक्षीस दिलं नाही.

केबिनमध्ये गेले तेव्हा साहेब म्हणाले, "अभिनंदन. पण मंदाबाई, मी आपल्या कंपनीसाठी म्हटलं होतं. हे पदक त्यांच्या कंपनीचं. मी मॅनेजमेंटला काय सांगू?"

'साहेब, पदक त्यांचं असेल, झोप तर आपल्याच कंपनीची होती ना?' हे झकास उत्तर मला आत्ता, हा लेख लिहिताना सुचतंय. तेव्हा मी "बरं साहेब" म्हणाले आणि बाहेर आले. पाठांतरावर जगणाऱ्या बाईला आयत्या वेळी वाक्य सुचत नाही. पुढच्याच आठवड्यात ब्रेक मिळाला.

काळे बिचारे त्यांच्या पर्सनलमध्ये जाऊन भांडले. "आपल्याला पदक आणलंय तिने, घ्या तिला कामाला!" साहेब लोक म्हणाले, वेल्डशॉपला बाई कशी घेणार? तर अशी मी एका कंपनीला नको होते कारण पदक दुसरीचं, आणि दुसरीला नको होते कारण मी बाई. बाईच्या भूमिकेसाठी मात्र दोघांनाही हवी होते.

अंतिम फेरीत काळ्यांचं नाटक गेलं. मी आदल्या दिवशी भरपूर झोप घेतली, तीच चूक झाली. खाटेवर पडले तर डोळा लागेना. झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही म्हणतात. काळ्यांनी चिमटा काढायच्या आत मी डोळे उघडून, खर्ज लावून म्हटलं, "बस... आली का?" मागून कुणीतरी ओरडलं, "गेली!" परीक्षकांनी शेरा दिला, "शेवटचं वाक्य पाठ केल्यासारखं वाटलं." खरं होतं. यावेळी ते मी पाठ केलं होतं.

त्यानंतर मी त्याच कंपनीत ठेकेदाराकडून गेले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पर्मनंट कधीच झाले नाही. माझ्या बरोबरीच्या दोघी-तिघी झाल्या, त्या हारतुरे घेऊन निवृत्त झाल्या. मी निवृत्त झाले नाही, मला एक दिवस बोलावणं बंद झालं. याचं वाईट वाटतं का? वाटतं. हसून लिहिते आहे म्हणून वाटत नाही असं समजू नका. नाटकं मात्र चालू राहिली. त्यांना बाई लागत राहिली.

तर आता तो जीवनगौरव. प्रमुख पाहुणे म्हणून कोण यावं? जोगळेकरसाहेब. निवृत्त होऊन ते आता एका नाट्यसंस्थेचे अध्यक्ष झालेत. काठी, कानात मशीन, पण कुर्ता कडक. स्टेजवर आम्हाला शेजारी शेजारी सोफ्यावर बसवलं. समोर दुसऱ्या रांगेत हे, आणि काळे, आता पार पांढरे झालेले. माईकवर कुणीतरी माझ्या अष्टपैलूपणाबद्दल बोलत होतं आणि साहेब माझ्याकडे झुकले.

"मंदाबाई, एक सांगायचं होतं. आता या वयात काय लपवायचं. तुमचा तो 'बस आली का'चा दिवस आठवतो?"

"न आठवायला काय झालं साहेब."

"त्या दिवशी डिस्पॅच वगैरे काही अडकलं नव्हतं. तुम्हाला मीच थांबवायला सांगितलं. बससुद्धा मीच रद्द केली होती. म्हटलं, त्या काळ्याकडे दमून गेलात तर तिकडे पडाल, आणि आमच्याकडे चमकाल. नाहीतर एकाच बाईची परीक्षकांची मतं दोन संघांत वाटली गेली असती ना. नाटकासाठी केलं हो. नाटकाच्या बाबतीत मी जरा वेडाच." आणि ते हसले, नातवाने केलेली खोडी सांगावी तसे.

मला राग आला. स्टेजवर अनेकदा आणला होता, हा आपण होऊन आला. बोर्डापुढचं ते उभं राहणं, बसच्या हॉर्नकडे लागलेला कान, केबिनमधलं ते "मी मॅनेजमेंटला काय सांगू", यांचा तो इस्त्रीचा शर्ट, सगळं एकदम आलं. या माणसाने मला शब्द दिला आणि तो पाळावा लागणार नाही अशी व्यवस्थाही, नकळत का होईना, त्यानेच केली. आणि त्याच दमात हेही कळलं की त्याने ती बस रद्द केली नसती तर मी ताजीतवानी पोचले असते, जागी राहिले असते, "माती कुणाची नसते" असं घसा ताणून म्हटलं असतं आणि मला उत्तेजनार्थ मिळालं असतं. माझ्या एकमेव पहिल्या बक्षिसाचा दिग्दर्शक काळे नव्हते, हा माणूस होता. हसावं की रडावं ते कळेना. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. साहेबांनीच शाल पांघरली, नारळ दिला, सन्मानचिन्ह दिलं. निवेदक म्हणाला, "ताई, दोन शब्द."

भाषण मी लिहून नेलं होतं. ते पर्समध्येच राहिलं. माईकसमोर उभी राहिले आणि बहुतेक जन्मात पहिल्यांदा, आयत्या वेळी, वाक्य सुचलं.

म्हटलं, "मला आयुष्यात अभिनयाचं पहिलं बक्षीस एकदाच मिळालं. त्या भूमिकेचं श्रेय मी एकटी कशी घेऊ? तो दीर्घ विराम, ती शांतता, ते 'बस आली का', यामागे एक माणूस होता. त्याचं नाव आजवर कुठल्याच परीक्षणात आलं नाही. आज सांगते. त्या माझ्या झोपेला जोगळेकरसाहेबांनी योग्य साथ दिली."

प्रेक्षागृहाला वाटलं, केवढा हा मोठेपणा. कडाडून टाळ्या पडल्या. साहेबही टाळ्या वाजवत होते. मग त्यांचे हात हळू झाले, एका जागी थांबले आणि त्यांनी कानातलं मशीन चाचपून पाहिलं. ते चालू होतं.

मी खाली येऊन यांच्या शेजारी बसले. शाल घडी करून मांडीवर ठेवली. हे कानाशी आले, "काय गं म्हणालीस त्या म्हाताऱ्याला? तोंड का पडलं त्याचं?"

म्हटलं, "परीक्षण लिहिलं."